खांद्यावरचा तारा आणि छातीवरचे पदक

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाने फौजेच्या गणवेशावर बोलायला उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही फौजेत कधी नव्हतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो, ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण हा विषय आपल्या पायांनी आमच्या कचेरीत चालत आला, म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

चोवीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ एका ठेकेदाराकडे रखवालदारीला लागले होते. ठेकेदाराने त्यांना सुपरवायझर केले. पगार वाढवला नाही. मात्र खांद्यावर लावायला तीन-तीन पितळी तारे दिले. हवालदारांनी ते तारे काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची ड्यूटी बंद झाली. ते आम्हाला म्हणाले, "दादा, भांडण पगाराचं नाही. तीन तारे कॅप्टनचे असतात. मी हवालदार होतो. जे मिळवलं नाही, ते अंगावर कसं घालू?"

बोनस, रजा, ग्रॅच्युइटी ह्यांसाठी आम्ही पुष्कळ भांडलो. पण मिळालेली वस्तू नको म्हणून आलेली तक्रार ही पहिलीच. तेव्हा ह्या ताऱ्यांत एवढे काय आहे, ते समजून घेणे आम्हाला भाग पडले.

प्रथम हुद्द्याची खूण पाहू. आपल्या भूसेनेत ही खूण दोन ठिकाणी असते : बाहीवर आणि खांद्यावर. साध्या शिपायाच्या बाहीवर काही नसते. लान्स नाईकाला एक फीत, नाईकाला दोन, हवालदाराला तीन. 'फीत लागली' म्हणजे बढती झाली, हा शब्दप्रयोग आपल्याकडे ज्यांच्या घरी फौज किंवा पोलीस आहे त्यांना ठाऊकच आहे. हवालदाराच्या वर गेले, की खूण बाहीवरून खांद्यावर चढते. नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन आणि सुभेदार मेजरला अशोकस्तंभाचे सिंह. मात्र ह्या तिघांच्याही खांद्यावर एक आडवी रंगीत फीत असते. ही फीत नसेल, तर तो कमिशन मिळालेला अधिकारी. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, मेजरला सिंह, लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा, कर्नलला सिंह आणि दोन तारे, ब्रिगेडियरला सिंह आणि तीन तारे. त्याच्या वरच्या जनरल मंडळींना एकमेकांवर आडवी ठेवलेली तलवार आणि दंड. पायदळ, तोफखाना, इंजिनियर अशा शाखा निरनिराळ्या असल्या, तरी १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरची खूण, गळपट्टीचे लाल तुकडे, पट्टा आणि बूट एकसारखे केले आहेत. हेतू असा, की त्या पायरीवर पोचलेल्याने आपल्या पलटणीपुरते न पाहता साऱ्या सेनेचे पाहावे.

आता ती आडवी फीत का, हा प्रश्न कोणीही विचारील. तिच्या मागे इतिहास आहे. इंग्रजी अमलात सुभेदार आणि जमादार ह्यांना व्हाइसरॉयचे कमिशन असे. केस पांढरे होईपर्यंत लढलेला सुभेदार मेजरसुद्धा कालपरवा विलायतेहून आलेल्या कोवळ्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच राही. हिंदी तरुणांना राजाचे कमिशन मिळू लागले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि देहरादूनची अकादमी निघाली १९३२ साली. स्वातंत्र्यानंतर ह्या वर्गाला जूनियर कमिशन्ड अधिकारी असे नाव मिळाले. १९६५ साली 'जमादार' हा शब्द जाऊन 'नायब सुभेदार' आला. प्रजासत्ताक होताच १९५० मध्ये खांद्यावरचा राजमुकुट उतरला आणि त्या जागी सिंह आले. धातूचा तुकडा तेवढाच. पण त्याने सांगितलेला मालक बदलला.

पदकांची रीत ह्याहून वेगळी. पदक डाव्या छातीवर लावायचे. अनेक असतील, तर सर्वांत मानाचे छातीच्या मध्याकडे, म्हणजे बटनांच्या बाजूला, आणि पुढची मानाच्या उतरत्या क्रमाने बाहेर, खांद्याच्या दिशेने. जागा अपुरी पडली की पदके एकमेकांवर येतात. तेव्हाही सर्वांत मानाचे पूर्ण दिसले पाहिजे. हा क्रम ज्याचा त्याने ठरवायचा नसतो, सरकार ठरवते. सैनिकी पदकांत परमवीर चक्र सर्वांच्या आधी, परदेशी पदके सर्वांच्या शेवटी. संचलनासारख्या समारंभात पूर्ण पदक लावतात, रोजच्या वर्दीवर फक्त त्याची रिबन आणि रात्रीच्या मेजवानीच्या पोषाखावर छोटी प्रतिकृती. एकच शौर्यपदक दुसऱ्यांदा मिळाले, तर दुसरे पदक टांगत नाहीत. रिबनीवर एक पट्टी चढते. सगळीच पदके शौर्याची नसतात, हेही ध्यानात ठेवावे. ९, २० आणि ३० वर्षांच्या नोकरीचीही पदके आहेत. निमूटपणे केलेल्या दीर्घ नोकरीची नोंद छातीवर ठेवणारी ही पद्धत कारखान्यांनी उचलावी, असे आमच्या मनात अनेकदा येते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. शौर्य सारखे, तर पदक सारखे असते काय? पुष्कळ काळ नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी सैनिकांसाठी १८३७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट काढले. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये निघाला. तो कोणत्याही हुद्द्याच्या गोऱ्या सैनिकाला मिळे. हिंदी सैनिकाला मात्र त्याचे दार १९११ पर्यंत बंद होते. ते उघडल्यावर पहिला मान १९१४ च्या लढाईसाठी शिपाई खुदादाद खान ह्यांना मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर आपल्या मराठा पलटणीतल्या दोघांनी तो मिळवला : १९४४ साली नाईक यशवंत घाडगे ह्यांनी प्राण देऊन आणि १९४५ साली शिपाई नामदेव जाधव ह्यांनी. त्याखालच्या पदकांत तर खुद्द ब्रिटिश सैन्यातही भेद होता. अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, शिपायाला मिलिटरी मेडल. एकाच खंदकात एकच गोळीबार सोसलेल्या दोघांच्या छातीवर दोन प्रतीची पदके! हा भेद ब्रिटनने १९९३ मध्ये काढून टाकला.

आपल्या प्रजासत्ताकाने तो आरंभापासून ठेवलाच नाही. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही स्थापन झाली, ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून आणि सर्व हुद्द्यांना खुली. परमवीर चक्र काशाचे आहे; मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे, वर जांभळी रिबन. त्याची आकृती सावित्रीबाई खानोलकर ह्यांची. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर ह्या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. आजवर २१ जणांना हे चक्र मिळाले, त्यांत १४ जणांना मरणोत्तर. हुद्द्यांचा हिशेब केला तर १२ कमिशन्ड अधिकारी, २ जूनियर कमिशन्ड अधिकारी आणि बाकीचे ७ हवालदार, नाईक, लान्स नाईक, शिपाई. चक्र मात्र एकच. कोणाच्या छातीवर लहान नाही, कोणाच्या मोठे नाही.

ह्यांतले एक नाव आपल्या जवळचे. रामा राघोबा राणे, कारवारकडचे. १९४० साली ते बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, बाहीवर फिती मिळवल्या आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. १९४८ च्या एप्रिलमध्ये, ८ ते ११ तारखांना, राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी जखमी अवस्थेत, शत्रूच्या माऱ्याखाली काढले आणि रणगाड्यांना रस्ता करून दिला. सुरुंग काढणे, रस्ता करणे हे हातांचे काम आहे, श्रोतेहो. त्या कामाला ह्या देशाने आपला सर्वोच्च मान दिला.

ह्यावरून आमच्या ध्यानात आले ते असे : हुद्दा कामासाठी अंगावर ठेवलेला असतो, पदक माणसाचे असते. निवृत्तीच्या दिवशी वर्दी पेटीत जाते. पदक मात्र समारंभाच्या दिवशी साध्या कोटावरही डाव्या बाजूस लावता येते. लावणारा हयात नसेल, तर वारसाने ते उजव्या छातीवर लावायचे. युद्धस्मारकावरील मानवंदनेत आणि अंत्यविधीत वारसांनी असे करण्यास भूसेनेने २०१९ मध्ये परवानगी दिली. डावी बाजू ज्याने मिळवले त्याची, उजवी त्याची आठवण वाहणाऱ्याची. सैनिक नसताना सैनिक भासावे म्हणून तसा वेश करणे हा तर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

आता आमच्या हवालदारांचे काय झाले, ते सांगून संपवतो. खाजगी रखवालदारांसाठी २००५ चा कायदा आहे. सेनेसारखा किंवा पोलिसांसारखा गणवेश अथवा त्यांच्या खुणा रखवालदाराच्या अंगावर दिसल्या, तर त्याला आणि मालकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ते कलम आम्ही पत्रात उतरवून ठेकेदाराला धाडले. आठवड्यात सगळ्या रखवालदारांच्या खांद्यांवरचे तारे उतरले आणि हवालदार कामावर परतले. सुपरवायझरचा वाढीव पगार अजून मिळालेला नाही; ते भांडण चालू आहे.

पुढच्या २६ जानेवारीला आमच्या कचेरीसमोर झेंडावंदन झाले. हवालदार इस्त्रीचा जुना कोट घालून आले होते. खांदे मोकळे; डाव्या छातीवर तीन पदके, आपापल्या क्रमाने.