विश्लेषण : इंजिनचा तापमान सेन्सर खरेच बिघडला आहे का?

सकाळी दोन-तीन वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, मायलेज घटले आहे, रेडिएटरचा पंखा थांबायचे नाव घेत नाही आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पडद्यावर ‘कूलंट टेम्परेचर सेन्सर’ असे शब्द येतात आणि काही शे रुपयांचा सेन्सर बदलला जातो. कधी त्याने काम भागते. कधी मात्र आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागतो, कारण दोष वायरमध्ये, थर्मोस्टॅटमध्ये किंवा घटलेल्या कूलंटमध्ये असतो. यातला शेवटचा प्रकार सर्वांत महागात पडतो.

हा सेन्सर नेमके काय करतो?

सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला हा बोटाएवढा भाग कूलंटमध्ये बुडालेला असतो. त्याच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि वायरवर उरणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ओळखतो. इंजिन थंड असेल तर जास्त इंधन, गरम झाले की कमी, हा हिशेब या एका आकड्यावर चालतो. पंखा कधी लावायचा आणि फार तापल्यावर एसीचा कॉम्प्रेसर कधी बंद करायचा, हेही त्यावरच ठरते.

सेन्सर कायम ‘थंड’ सांगू लागला तर इंजिनला नको तितके पेट्रोल मिळते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काळे पडतात. उलट थंड इंजिनला तो ‘गरम’ म्हणू लागला, तर सकाळी सुरू होण्यापुरतेही इंधन मिळत नाही.

पूर्ण तुटलेला सेन्सर त्या मानाने बरा. ईसीयूला तो लगेच कळतो, दिवा लागतो आणि अनेक गाड्यांत खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवला जातो. खरा धोका थोडेसे चुकीचे सांगणाऱ्या सेन्सरचा. ११० अंशांना तो ८५ सांगत असेल, तर कोड येत नाही, पंखाही लागत नाही.

आधी कूलंट का पाहायचे?

कूलंट गळून कमी झाले की सेन्सरचे टोक हवेत किंवा वाफेत राहते. मग इंजिनचा धातू तापत असतानाही काटा खाली येऊ शकतो. मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना वर गेलेला काटा अचानक उतरला, तर ‘इंजिन थंड झाले’ असे समजून पुढे जाणे घातक ठरते. ॲल्युमिनियमचे हेड वाकले किंवा हेड गॅस्केट उडाले, की खर्च शेकड्यांतून थेट हजारांत जातो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो. थंड इंजिनसाठी निळा आणि तापल्यावर लाल, असे दोनच दिवे असतात. लाल दिवा हा थांबण्याचाच इशारा.

पातळी तपासायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उसळते. टाकीत कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची सवयही सेन्सरला भोवते. क्षारांचा थर त्याच्या टोकावर बसतो आणि तापमान उशिरा कळते.

घरच्या घरी काय तपासता येते?

स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचे ॲप एवढे पुरते. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ‘ऑन’ करून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. पुण्यातली जानेवारीची सकाळ १२ अंशांची असेल, तर दोन्ही आकडे त्याच्या आसपास हवेत. चार-पाच अंशांचा फरक चालतो. हवा १२ आणि कूलंट ४० दिसत असेल, तर सेन्सर किंवा त्याची जोडणी संशयास्पद आहे. उणे ४० दिसले, तर वायर तुटलेली किंवा प्लग निघालेला असतो. थंड इंजिनला १३० च्या वर दिसले, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

कोडही हेच सांगतात. पी०११८ म्हणजे सर्किट उघडे, पी०११७ म्हणजे शॉर्टकडे झुकलेले, पी०११६ म्हणजे आकडा पटण्याजोगा नाही. पण तिन्हींपैकी एकही ‘सेन्सर बदला’ असे म्हणत नाही. कोड फक्त कुठे पाहायचे ते सांगतो.

दोष सेन्सरचा की वायरचा?

दोन पिनांच्या सेन्सरसाठी उत्तर दोन मिनिटांत मिळते. इंजिन बंद, चावी ‘ऑन’ ठेवून सेन्सरचा प्लग काढावा. ॲपवर उणे ४० च्या जवळचा आकडा यायला हवा. मग प्लगमधल्या दोन टोकांना छोट्या वायरने जोडावे. आकडा एकदम वर, १३० च्या पुढे गेला पाहिजे. दोन्ही घडले तर वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सरच खराब. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणूनही उपयोग नाही. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा पावसाळ्यात हिरवी पडलेली पिन शोधावी लागेल. तीन-चार पिना असतील तर हा प्रयोग करू नये.

काढलेला सेन्सर गरम पाण्यात बुडवून मल्टिमीटरने रोधही मोजता येतो. अनेक सेन्सरमध्ये तो २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतात. पाणी तापताना रोध सलग उतरायला हवा. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर गेला.

थर्मोस्टॅटचे काय?

सकाळची चाचणी नीट पार पडते, पण हायवेवर तापमान ६०-६५ च्या वर जातच नाही, अशा वेळी सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो आणि कोड येतो पी०१२८. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे : ‘उन्हाळ्यात गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमधली जुनी रीत. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून गेले. इंजेक्शनच्या गाडीत मात्र इंजिन पुरेसे तापतच नाही, ईसीयू जास्त इंधन देत राहतो आणि दोष सेन्सरच्या माथी येतो. सीएनजी गाडीत गॅसवर जायला उशीर लागण्याचे कारणही हेच असू शकते. मात्र अनेक किटमध्ये रिड्यूसरवर वेगळा तापमान सेन्सर असतो, तोही पाहावा.

सेन्सर बदलावाच लागला तर इंजिन थंड असताना, नवी ओ-रिंग घालून आणि बेताने आवळून बसवावा. प्लास्टिकचे घर जास्त जोर लावल्यास तडकते. सांडलेले कूलंट भरल्यावर आतली हवा काढणे आवश्यक आहे, अन्यथा नवा सेन्सरही बुडबुड्यात बसून चुकीचा आकडा देईल. कोड पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी फक्त ‘ऑन’ करून, दोन्ही तापमाने पुन्हा जुळतात का ते पाहावे.