पॅसिव्ह व्हॉइस : ‘ने’ दिसला की ‘बाय’ लावू नका

इंग्रजीच्या पेपरात ‘चेंज द व्हॉइस’ आलं की आपली बरीच मुलं अडखळतात. आमच्या मते यात इंग्रजीपेक्षा मराठी व्याकरणाचा घोटाळा जास्त आहे. शाळेत शिकवतात की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग. हे अर्धंच खरं.

‘सलमाने चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य बघा. चिठ्ठीच्या जागी पत्र घातलं तर ‘लिहिलं’ होतं. म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत याचं सरळ भाषांतर ‘सलमा रोट अ लेटर’, आणि हे अ‍ॅक्टिव्ह आहे! मूल ‘सलमाने’ मधला ‘ने’ बघून ‘बाय सलमा’ लिहून मोकळं होतं. पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे ‘सलमाकडून चिठ्ठी लिहिली गेली’.

मदरशात अरबी सर्फ शिकलेल्या मुलांना ही गोष्ट लवकर कळते. तिथे फेल-ए-मारूफ आणि फेल-ए-मजहूल असे दोन प्रकार असतात. मजहूल म्हणजे अज्ञात. करणारा सांगितलेला नाही. रोजे फर्ज झाल्याचं सांगणाऱ्या सूरह बकराच्या 183 व्या आयतीतलं क्रियापद मजहूलच आहे. उस्तादांकडे शिकलेलं इंग्रजीच्या तासालाही कामी येतं, हे मुलांना जरूर सांगा.

आता रचना. कर्म पुढे आणायचं, मग ‘बी’चं योग्य रूप, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काळ फक्त ‘बी’ दाखवतो: इज रिटन, वॉज रिटन, हॅज बीन रिटन, विल बी रिटन. ‘रिटन’ जागचं हलत नाही. ‘वॉज रोट’ ही चूक इथेच होते. ‘गो’, ‘स्लीप’ यांना कर्मच नसतं, म्हणून त्यांचं पॅसिव्ह होत नाही.

‘बाय’ प्रत्येक वेळी लागतोच असंही नाही. उलट करणारा माहीत नसेल, महत्त्वाचा नसेल किंवा सांगायचाच नसेल, तेव्हाच पॅसिव्ह जास्त वापरतात. बातमीत ‘स्टोन्स वेअर पेल्टेड’ असं येतं. दगड मारले गेले, पण कोणी? वाक्य गप्प आहे. अशा ठिकाणी मुलांना थांबवून विचारा की इथे ‘बाय’ कुठे गेला?

सरकारी सूचनांची भाषाही अशीच. शिष्यवृत्तीच्या माहितीत ‘डॉक्युमेंट्स मस्ट बी अपलोडेड’ लिहिलेलं असतं. ‘यू’ हा शब्द कुठेच नाही, पण कागद चढवायचे आपणच. ‘युअर अ‍ॅप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड’ असा मेसेज आला तर नाकारलं कोणी, कॉलेजने की पुढे जिल्हा-राज्य पातळीवर, हे त्या वाक्यात नसतं. ते आधी शोधा, म्हणजे कुठल्या दारात जायचं ते कळेल.