दोन बाइटांत मावणारा ओलावा

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाला पाणी कधी द्यायचं, हे शेतकरी वाफसा बघून ठरवत आला. आता बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने केलेल्या प्रयोगात जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह यांच्या नोंदींवरून सल्ला थेट मोबाइलवर येतो. अशा प्रवासात ओलाव्याच्या आकड्याची आधी बाइटांची रांग करावी लागते आणि पलीकडे त्या रांगेतून पुन्हा तोच आकडा उभा करावा लागतो. हेच सिरियलायझेशन.

एवढीशी नोंद घेऊ: ‘ओलावा: २४’. पायथॉनसोबत येणारं जेसन मॉड्यूल आहे तसं वापरलं, तर तिला ३८ बाइट लागतात! कारण ते देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहा बाइटांच्या संकेतात लिहितं आणि ‘ओलावा’मध्ये काने धरून पाच चिन्हं आहेत. रस्ट भाषेत लिहिलेली ओआरजेसन ही लायब्ररी तेच थेट यूटीएफ-८मध्ये लिहिते: २२ बाइट. मेसेजपॅक पद्धतीत कंस आणि अवतरणचिन्हंही गळतात: १८. आणि पहिला आकडा ओलाव्याचाच, असं दोन्ही टोकांनी आधीच ठरवलं, तर नावही पाठवायला नको. उरतात फक्त दोन बाइट! एक सांगतो, ‘यादीत एकच गोष्ट आहे’. दुसरा म्हणजे खुद्द २४.

एमएसजीस्पेक ही पायथॉन लायब्ररी या आधीच्या ठरावाचं सोनं करते. नोंदीचा आराखडा एकदा सांगितला, की बाइट वाचता वाचताच ती तपासणीही उरकते. आकड्याच्या जागी अक्षरं आली, तर तिथेच अडवते. वेग हवा म्हणून खातरजमा सोडावी लागत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण उद्या नोंदीत तापमानही हवं झालं तर? जुने सेन्सर जुन्याच रीतीने बोलत राहणार. त्यासाठी नियम साधा आहे: नवा रकाना शेवटी जोडायचा, तो आलाच नाही तर काय धरायचं ते सांगून ठेवायचं आणि आधीचा क्रम हलवायचा नाही. मग नवा प्रोग्रॅम जुनी नोंद वाचतो आणि जुना प्रोग्रॅम जादा रकाना सोडून पुढे जातो.

आडसाली ऊस दीडेक वर्ष शेतात उभा असतो. तेवढ्यात सेन्सर बदलतात, प्रोग्रॅमच्या आवृत्त्या बदलतात. लागणीच्या दिवशी लिहिलेली नोंद तोडणीच्या दिवशी बिनचूक वाचता आली, तरच ती लायब्ररी परिपक्व म्हणायची.