चुकण्याची मुभा देणारा दात

पेढीवरील नवशिक्या मुलाच्या हातून हिशेब चुकला, तर तो खोडून पुन्हा मांडता येतो. दाताचे तसे नाही. दातावरील इनॅमल हे मानवी शरीरातील सर्वांत कठीण आवरण. पण एकदा कोरले गेले की ते पुन्हा उगवत नाही. कीड काढणारे ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. हात किंचित अधिक दाबला गेला, तर दाताची नस उघडी पडते. मग शिकाऊ हाताने चुकावे तरी कोठे?

हा प्रश्न जुना आहे. ऑस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये सरावासाठी कृत्रिम मस्तक पुढे आणले. आजही दंतवैद्यकाचे विद्यार्थी तशाच मस्तकात बसविलेल्या प्लास्टिकच्या दातांवर हात बसवितात आणि तिसऱ्या वर्षी रुग्णासमोर उभे राहतात. मात्र प्लास्टिकचा दात सहसा आतबाहेर सारखाच लागतो आणि एकदा कोरला की वाया जातो.

ही उणीव आभासी सिम्युलेटर भरून काढतो. ॲमस्टरडॅमच्या ‘ॲक्टा’ या दंतवैद्यक संस्थेच्या सहकार्याने ‘मूग’ कंपनीने घडविलेला ‘सिमोडाँट’ हे त्याचे उदाहरण. विद्यार्थी विशेष चष्मा लावून त्रिमितीय दात पाहतो. हातातील उपकरणाची जागा संगणक क्षणोक्षणी टिपतो आणि मोटारींच्या साहाय्याने हाताला उलट दाब देतो. त्यामुळे इनॅमल कठीण, त्याखालील डेंटिन मऊ आणि कीड त्याहून मऊ, हा भेद बोटांना उमगतो. आरशात पाहून उलट्या प्रतिमेवर काम करण्याचाही सराव होतो. किती निरोगी भाग विनाकारण गेला, हे यंत्र मोजून दाखविते. चूक झाली, तर तोच दात क्षणात पुन्हा अखंड होतो.

तरीही यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. खऱ्या तोंडात लाळ असते, हलणारी जीभ असते आणि खुर्चीवर घाबरलेला माणूस असतो. त्याला धीर देणे आणि वेदना ओळखून हात थांबविणे हे शिक्षकांच्या देखरेखीखाली, रुग्णसेवेतूनच अंगी बाणते. यंत्रे महागही आहेत.

म्हणून मुलामुलींना या अभ्यासक्रमास पाठविताना पालकांनी केवळ महाविद्यालयाची इमारत व शुल्क पाहू नये. रुग्णाला हात लावण्यापूर्वी सराव किती मिळतो आणि तो कोण तपासतो, हेही आवर्जून विचारावे. कारण त्या पहिल्या खुर्चीवर कोणाचे तरी आईवडील बसलेले असतात.