रॉक अँड रोल गायकवृंद
अमेरिकेतील शहरांमधून सु. १९४५ ते १९६० या काळात पुढे आलेले चार-पाच गायकांचे लहान समूह व त्यांची गायनपद्धती. एक प्रमुख गायक गीताचे शब्द गातो, दोन-तीन साथीदार वेगवेगळ्या उंचीचे स्वर धरून स्वरसंवाद साधतात आणि खर्जातला गायक लयीचा पाया सांभाळतो, अशी ही रचना होय. न्यूयॉर्कसारख्या शहरांतील गरीब वस्त्यांमधील कृष्णवर्णीय तरुण रस्त्यांच्या कोपऱ्यांवर गात असत. वाद्यमेळाची उणीव ते निरर्थक अक्षरांनी भरून काढीत. त्यांवरून रूढ झालेले ‘डू-वॉप’ हे नाव मात्र या शैलीचा बहर ओसरू लागल्यानंतरचे आहे. या अक्षरांची तुलना तराण्याशी करण्याचा मोह होतो. परंतु तराण्यात ती मुख्य गायकाच्या लयकारीस वाव देतात, तर येथे ती साथीची जागा घेतात.

या गायनाचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल चौकडींत आणि ‘मिल्स ब्रदर्स’, ‘इंक स्पॉट्स’ या १९३०–४० च्या दशकांतील वृंदांत सापडते. ‘मिल्स ब्रदर्स’ तोंडानेच वाद्यांचे आवाज काढीत. क्लाइड मॅकफॅटर या धर्मोपदेशकाच्या मुलाने चर्चमधील आर्त गायकी ‘डॉमिनोज’मध्ये आणि १९५३ पासून ‘ड्रिफ्टर्स’मध्ये आणली. प्रार्थनेतील ईश्वराची जागा प्रेयसीने घेतली; गाण्याची तऱ्हा फारशी बदलली नाही.

श्रेय आणि मोबदला मात्र पुष्कळदा इतरांकडे गेला. ‘कॉर्ड्स’ या वृंदाने स्वतः रचलेले ‘श-बूम’ (१९५४) लोकप्रिय झाले. पण त्याच वर्षी ‘क्रू-कट्स’ या कॅनडातील श्वेतवर्णीय वृंदाने तेच गीत मुद्रित करून त्याहून मोठे यश मिळविले. तेरा वर्षांच्या फ्रँकी लायमनने ‘टीनेजर्स’सह गायिलेल्या ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ (१९५६) या गीताच्या कर्तृत्वाचा वाद तर न्यायालयात गेला. वृंदातील दोन साथीदारांच्या बाजूने १९९२ मध्ये ज्यूरीने कौल दिला. १९९६ मध्ये तो मुदतीच्या मुद्यावर रद्द झाला. लायमन १९६८ मध्येच वारला होता.

महाराष्ट्रात रॉक अँड रोल आले ते प्रामुख्याने मुंबईच्या चित्रपटसंगीतातून. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–८२) यांनी ‘आशा’ (१९५७) या हिंदी चित्रपटासाठी केलेले ‘ईना मीना डीका’ हे गीत किशोरकुमार व आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले आहे. मुलांच्या मोजणीगीतासारखी त्यातील अर्थहीन अक्षरे हा या शैलीशी जुळणारा दुवा होय. शहादे, नंदुरबार यांसारख्या गावांतील श्रोत्यांच्या कानी हा बाज पडला तो अशाच गीतांतून. त्यामागे मुंबईतील गोमंतकीय वादकांचे मोठे कर्तृत्व आहे. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या या वादकांनी वाद्यमेळाची बांधणी केली. तथापि चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आली नाहीत. तुतारीवादक चिक चॉकलेट (आंतोनियो झेवियर वाझ) हे ‘अलबेला’ (१९५१) मध्ये पडद्यावर दिसले, हा अपवादच म्हणावा लागेल.

दुसरा मार्ग निवासी शाळांचा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी ‘हेक्टिक्स’ हा वृंद काढला व एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गीते ते शाळेच्या समारंभांत सादर करू लागले. येथेही वाद्यांची उणीव होतीच. चहाच्या खोक्याला दांडी व तार लावून एकाने खर्जाचे वाद्य तयार केले होते. मुख्य गायन दुसऱ्याच मुलाकडे होते. झांझिबारहून आलेला पारशी विद्यार्थी फारुख बुलसारा पियानो वाजवीत मागून साथीचा आवाज देई. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) या नावाने ‘क्वीन’ या ब्रिटिश वृंदाचा प्रमुख गायक झाला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) मधील प्रचंड गायनसमूहाचा भास त्याने व दोन साथीदारांनी स्वतःचेच आवाज एकावर एक मुद्रित करून निर्माण केला.