रडू येत नाही, मग नैराश्य कसलं?

सिल्वासाच्या दवाखान्यांत सकाळी दोन तऱ्हेची माणसं येतात. खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या पाड्यांवरून आलेले वारली आणि कोकणा लोक, आणि मसाट-पिपरियाच्या कारखान्यांतून रात्रपाळी उरकून थेट आलेले उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार. तक्रारी मात्र बऱ्याचदा सारख्याच असतात. डोकं जड झालंय, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत येणारा विरळाच.

यातल्या अनेकांना खरोखर मलेरिया, रक्तक्षय किंवा सिकलसेलचा त्रास असतो. काहींचा मूळ आजार मात्र मनोवस्थेचा असतो, म्हणजे नैराश्य किंवा बायपोलर. तो ओळखला जात नाही, कारण त्याचं आपल्या मनातलं चित्रच चुकीचं आहे. चित्रपटांनी आणि मालिकांनी ते पक्कं केलं आहे: खिडकीशी बसून रडणारी बाई, दाढी वाढलेला प्रेमभंगी तरुण. गेल्या तीस-चाळीस वर्षांत भावनांवर प्रयोगशाळेत झालेलं संशोधन या चित्राशी जुळत नाही.

‘डिप्रेशन म्हणजे खूप दुःख’

हा सगळ्यांत खोलवर रुजलेला गैरसमज आणि सगळ्यांत घातकही. जोनाथन रॉटेनबर्ग, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्याचा आजार असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींना एक करुण चित्रफीत दाखवली आणि कोण किती रडतं ते पाहिलं. आजारी व्यक्ती जास्त रडतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. त्या जास्त रडल्या नाहीत. उलट निरोगी व्यक्ती रडल्या तेव्हा त्यांचं दुःख वाढलेलं दिसलं, हृदयाची गती आणि त्वचेचा घाम यांतही बदल झाला. आजारी व्यक्तींच्या रडण्यामागे अशी हालचाल फारशी आढळली नाही.

हा निष्कर्ष एकट्यादुकट्या प्रयोगाचा नाही. 2008 मध्ये लॉरेन बिल्स्मा, बेथनी मॉरिस आणि रॉटेनबर्ग यांनी अशा 19 अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. नैराश्यात आनंदाच्या गोष्टींना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, हे अपेक्षितच होतं. दुःखाच्या गोष्टींना मिळणारा प्रतिसादही मंदावतो, हे मात्र अनेकांना नवं होतं. पुढे 2010 मध्ये पीटर कुप्पेन्स यांनी दाखवलं की नैराश्य असलेल्यांच्या भावना जागच्या हलत नाहीत. या घटकेला जे वाटतं तेच पुढच्या घटकेलाही वाटत राहतं, आजूबाजूला काहीही घडो. चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखी अवस्था होते, कितीही फुंकर घाला, धूर होतो पण जाळ धरत नाही.

घरातल्यांना हे समजत नाही म्हणून फार अन्याय होतो. पाड्यावर तारपा वाजतोय, सगळे फेर धरून नाचताहेत, आणि कालपर्यंत सगळ्यांत पुढे असणारा मुलगा ओट्यावर बसून आहे. लोक म्हणतात, माजलाय. घरात मयत झाली आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी नाही. लोक म्हणतात, काळीज दगडाचं आहे. खरं तर ज्याच्या भावना चालत्या आहेत तोच रडतो, आणि रडल्यावर मोकळाही होतो. जवळचं माणूस गेल्याचं दुःख लाटांनी येतं. आठवण आली की उसळतं, नातवंडं खेळायला लागली की थोडं ओसरतं. नैराश्यात ही भरती-ओहोटीच थांबते. म्हणूनच डॉक्टर ‘किती रडता?’ यापेक्षा ‘आवडीच्या कामात मन लागतं का?’ हे आधी विचारतात, आणि ही अवस्था निदान दोन आठवडे, रोज, दिवसातला बहुतेक वेळ टिकून आहे का ते पाहतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न रस वाटण्याबद्दल आहे. झोप, थकवा, भूक यांवर प्रश्न आहेत. रडण्यावर एकही नाही.

‘अंग दुखतंय म्हणजे शरीराचाच आजार’

जागतिक आरोग्य संघटनेने 14 देशांतल्या 15 ठिकाणच्या साध्या दवाखान्यांत केलेल्या पाहणीवरून 1999 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या 15 ठिकाणांत आपलं बंगळुरूही होतं. नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्या रुग्णांपैकी 69 टक्के लोक डॉक्टरकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. मनाचा त्रास त्यांना नव्हता असं नाही. विचारल्यावर बहुतेकांनी तो सांगितला. आपणहून मात्र सांगितला नव्हता.

का सांगितला नव्हता, याचं एक उत्तर बंगळुरूच्याच निम्हान्समध्ये आर. रघुराम, मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये शोधलं होतं. उदासीची लक्षणं जितकी ठळक, तितकी रुग्णाला लाज जास्त वाटत होती. अंगदुखीची लक्षणं जितकी ठळक, तितकी लाज कमी. कंबरदुखी सांगितली की कोणी लग्न मोडत नाही. लोक इतके शहाणे असतात की समाज ज्याला मान देतो तेच दुखणं पुढे करतात. पण दुखणं खोटं नसतं, हे ठासून सांगायला हवं. नैराश्यात झोप, भूक आणि वेदना सहन करण्याची ताकद खरोखरच बिघडते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेलं नाही’ हे वाक्य अशा रुग्णाला ऐकवणं म्हणजे त्याला खोटारडा ठरवणं.

‘कष्टकऱ्यांना कुठलं डिप्रेशन?’

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असं सिल्वासातही सर्रास बोललं जातं. सिल्वासाच्या पूर्वेला, नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात, इथल्यासारख्याच कोकणा-वारली वस्तीच्या डोंगराळ भागात 2013 ते 2015 या काळात ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प 41 गावांत राबवला गेला. गावातल्याच स्त्री-पुरुषांना ‘आत्मीयता मित्र’ आणि ‘चॅम्पियन’ म्हणून तयार केलं. त्यांना त्रासात असलेली माणसं शोधण्यासाठी लांब जावं लागलं नाही, ती त्यांच्या शेजारीच होती. ऐकून घेणं, अडचणी एकेक करून सोडवणं, रेशनकार्ड किंवा पेन्शनसारख्या सरकारी योजनांशी जोडून देणं, असं ते काम. हाच प्रकल्प पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात 645 गावांत नेला आणि त्याची रीतसर चाचणी झाली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मदत मिळालेल्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेली दिसली.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 12 राज्यांत पाहणी केली. सिल्वासा ज्यात येतं ते दादरा-नगर हवेली त्यात नव्हतं. त्या पाहणीत नैराश्याच्या दर शंभर रुग्णांतल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

‘घटकेत हसतो, घटकेत चिडतो, बायपोलर आहे तो’

हा शब्द आता कॉलेजच्या कट्ट्यावर शिवीसारखा वापरला जातो. बायपोलर आजारातले चढ-उतार तासातासाचे नसतात. मॅनियाचा, म्हणजे उत्साहाच्या अतिरेकाचा, चढ निदान आठवडाभर टिकतो, सौम्य चढ निदान चार दिवस. उतार आठवडे, महिनेही चालतो. चढात माणूस रागावलेलाच असतो असं नाही. अनेकदा तो अतिशय खूश असतो, आणि अडचण तिथेच आहे. जून ग्रुबर यांच्या प्रयोगांत मॅनियाचा धोका जास्त असलेल्या व्यक्तींना आनंदाची चित्रफीत पाहून आनंद झालाच, पण दुःखाची आणि साधीसुधी चित्रफीत पाहतानाही तो टिकून राहिला. नैराश्यात भावना एका जागी अडकते, तशी इथे दुसऱ्या टोकाला अडकते. परिस्थिती ओरडून सांगत असते की थांब, कर्ज काढू नकोस, नोकरीचा राजीनामा फेकू नकोस, पण आनंद ऐकत नाही.

सिल्वासात या आजाराचा एक धागा कारखान्यांच्या पाळ्यांशी जुळतो. 2011 च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत दर हजार पुरुषांमागे फक्त 774 स्त्रिया होत्या. कुटुंब गावाकडे ठेवून आलेल्या, एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या कामगारांचा हा आकडा आहे. पॉलिएस्टर सुताचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. ज्याच्यात बायपोलरची प्रवृत्ती आहे त्याची झोप तुटणं हे चढ सुरू होण्याचं एक पक्कं निमित्त असतं. थॉमस वेअर यांनी 1987 मध्येच हे मांडलं होतं. पाळी दर आठवड्याला बदलते, खोलीत कोणी ना कोणी जागाच असतो, आणि तीन रात्री झोपला नाही तरी ताजातवाना दिसणाऱ्या कामगाराचं मुकादम कौतुक करतो. खरं तर झोपेची गरजच कमी होणं हे चढाचं अगदी सुरुवातीचं लक्षण. बायपोलर रुग्णाला कायम दिवसपाळी मिळणं हा उपचाराचाच भाग आहे.

लिथियम हे या आजारावरचं जुनं आणि अजूनही खात्रीचं औषध, 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी पुढे आणलेलं. ते घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत रक्त तपासावं आणि भट्टीजवळ, उकाड्यात काम करताना पाणी कमी पडू देऊ नये. शरीरातलं पाणी घटलं की लिथियमची पातळी धोकादायक वाढते. आणि नैराश्याचं औषध सुरू करण्याआधी ‘कधी झोपेविना भरपूर उत्साह चढला होता का?’ हे डॉक्टरांनी विचारलं नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावं. बायपोलर रुग्णाला फक्त नैराश्याची गोळी दिली तर चढ येऊ शकतो.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय’

या समजुतीची एक मुळी आपल्याच जंगलात सापडते. सह्याद्रीत उगवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळाने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं आणि जगाचं लक्ष वेधलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. प्राण्यांच्या मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं ते घटवतं असंही दिसलं. दोन आणि दोन चार करण्यात आले: रसायन घटलं की नैराश्य येतं. गंमत अशी की लंडनमध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांनी 1955 मध्येच रेसर्पिनने चिंताग्रस्त, उदास रुग्णांना बरं वाटल्याचं दाखवलं होतं. तो निबंध मागे पडला, सोपी गोष्ट पुढे गेली.

2022 मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा तपासला. नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याने टिकणारा आधार त्यांना सापडला नाही. यावरून कोणी गोळ्या बंद करू नयेत. कारण माहीत नसताना उपाय लागू पडतो, असं वैद्यकात पुष्कळदा होतं. 2018 मध्ये आंद्रेया चिप्रियानी यांच्या गटाने 522 चाचण्या एकत्र केल्या. 21 औषधांपैकी प्रत्येक औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, फरक काहींचा बेताचा, काहींचा बरा. अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी होते, म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचा.

‘विचार करू नकोस, बरं वाटेल’

सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. पण विचार थांबवायला सांगून थांबत नाहीत. हाताला काही लागलं तर पांगतात. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने यावरच उपचार बेतला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर चाचणी झाली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक, प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. सहा ते आठ भेटी, एकच सूत्र: मनाला उभारी येण्याची वाट न पाहता छोटं, ठरवलेलं काम आधी करायचं. चुलतीकडे जाऊन येणं, परसात दोन वाफे करणं, चर्चला किंवा देवळात जाणं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या रुग्णांपैकी 64 टक्के आजारातून बाहेर आले. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. भावना अडकलेली असते तेव्हा तिला आतून ढकलता येत नाही, बाहेरून हलवता येतं, हे या आकड्यांवरून दिसतं.

राहिला सगळ्यांत भीतीचा समज: मरणाबद्दल विचारलं तर ते डोक्यात शिरतं. उपलब्ध अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. विचारलं गेल्यावर अनेकांना हायसं वाटतं. पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न हाच आहे, आणि तो आशाताईही विचारू शकतात, भाऊही, खोलीतला जोडीदारही. ‘जीव नकोसा होतो का?’ एवढं सरळ विचारायचं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या रात्री एकटं सोडायचं नाही, कीटकनाशकाची बाटली घरातून हलवायची, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जायचं. पोलिसांच्या भीतीने मागे राहण्याचं कारण नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते. फोनवर बोलायचं तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालू असतो.