पाच विजेतेपदं, प्रत्येक वेळी एकच गोल

म्हैसूर राज्याच्या फुटबॉल संघानं संतोष ट्रॉफी चार वेळा जिंकली: 1946-47, 1952-53, 1967-68 आणि 1968-69. चारही वेळा अंतिम सामन्यात समोर बंगाल होता, आणि चारही वेळा निकाल लागला तो एका गोलानं. 1973मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं. पुढचं विजेतेपद यायला 2023 उजाडलं. रियाधच्या मैदानावर कर्नाटकानं मेघालयाला 3-2 असं हरवलं. पुन्हा एकच गोल!

मग म्हैसूर खरा दावेदार होता, की बंगालचं नशीब खोटं होतं? हाच वाद आज म्हैसुरातून दीडशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमला जाणारा चाहता बेंगळुरू एफसीबद्दल घालतो, मडगावचा एफसी गोवाबद्दल घालतो, आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील तालीम श्रेष्ठ की खंडोबा तालीम, यावर पेठाच्या पेठा भिडतात. गुणतक्ता सगळ्यांसमोर एकच असतो, पण निष्कर्ष अगदी उलटे निघतात. फुटबॉलचं गणित पाहिलं, तर दोन्ही बाजूंना खरोखरच जागा आहे.

समजा, एक संघ सामन्यामागे सरासरी दोन गोल करतो आणि दुसरा एक. म्हणजे पहिला दुप्पट सरस. दोघे शंभर वेळा भिडले, तर पहिला किती जिंकेल? नव्वद? पंच्याऐंशी? हिशोब सांगतो, साधारण साठ. एकवीस सामने बरोबरीत सुटतात, आणि अठरा सामने तो निम्म्या ताकदीचा संघ चक्क जिंकतो. हा हिशोब सीमेओं पॉइसाँ या फ्रेंच गणितीच्या सूत्राचा. क्वचित घडणाऱ्या गोष्टी ठरावीक वेळात किती वेळा घडतील, हे त्यानं 1837मध्ये मांडलं. 1898मध्ये बोर्टकीविच यांनी तेच सूत्र प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेनं झालेल्या मृत्यूंना लावून दाखवलं, आणि 1982मध्ये मायकेल माहर यांनी फुटबॉलच्या गोलांना. घोड्याची लाथ आणि गोल एकाच सूत्रात बसतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आता गोल दहापट करा: एकाची सरासरी वीस, दुसऱ्याची दहा. प्रमाण तेच, पण दुबळा संघ आता शंभरातले जेमतेम तीन सामने जिंकतो. कबड्डीत गुणांचा पाऊस पडतो, त्यामुळे चाळीस मिनिटांत ताकद बरीचशी उघडी पडते. फुटबॉलमध्ये गोल इतके थोडे, की नव्वद मिनिटं ताकद मोजायला पुरतच नाहीत.

याचं एक उदाहरण पाहा: 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये म्हैसूरच्या सारंगपाणी रामन यांनी फ्रान्सविरुद्ध गोल केला. ऑलिंपिक फुटबॉलमधला भारताचा तो पहिला गोल. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत होते. सामना 2-1 असा हातचा गेला, कारण मिळालेल्या दोन्ही पेनल्टी वाया गेल्या. चार पेनल्टींपैकी साधारण तिनांवर गोल होतो, म्हणजे दोन्ही हुकण्याची शक्यता सोळांत एक. त्या दिवशी नेमकी तीच वाट्याला आली. 'भारत हरला' हे खरंच, पण तेवढ्यावरून त्या संघाची उंची कळत नाही.

मग एका सामन्याऐवजी अख्खा हंगाम मोजावा? 2017-18च्या इंडियन सुपर लीगमध्ये बेंगळुरूनं 18 सामन्यांत 40 गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरचा चेन्नईयिन आठ गुणांनी मागे होता. अंतिम सामना बेंगळुरूच्याच घरच्या मैदानावर होता, तरी चेन्नईयिननं तो 3-2 असा नेला. पुढच्या वर्षी बेंगळुरू आणि गोवा दोघांचे गुण समसमान, आणि मुंबईतली अंतिम लढत 117व्या मिनिटापर्यंत गोलशून्य. तेव्हा बेंगळुरूकडून खेळणाऱ्या मुंबईकर राहुल भेकेनं हेडरनं गोल केला आणि करंडक बेंगळुरूला गेला.

साखळी फेरी नॉकआउटपेक्षा जास्त विश्वासाची, यात शंका नाही. पण तीही पुरती शांत नसते. एखाद्या मध्यम संघाचे गुण 18 सामन्यांत निव्वळ योगायोगानं पाच-सहानं वर किंवा खाली जाऊ शकतात. त्याची ताकद तीळभरही बदलत नाही! आठ गुणांची आघाडी मग तितकीशी अभेद्य वाटत नाही.

ऐजॉलची गोष्ट तर कुणाला सांगितली तर खरी वाटू नये. 2015-16च्या आय-लीगमध्ये हा मिझोरामचा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता आणि बेंगळुरू विजेता होता. मग साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले, त्यामुळे ऐजॉलला जागा परत मिळाली. त्याच ऐजॉलनं 2016-17ची लीग 37 गुणांनी जिंकली, मोहन बागानच्या एकाच गुणानं पुढे. गतविजेता बेंगळुरू चौथा आला. हंगामाआधी ऐजॉलला दावेदार म्हणणाऱ्याची सगळ्यांनी टर उडवली असती.

गोल थोडे, म्हणून अभ्यासकांनी आता गोलांच्या आधीचं मोजायला घेतलंय. प्रत्येक फटक्याला किंमत द्यायची: किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, पायानं की डोक्यानं, आणि तसल्या हजारो फटक्यांपैकी किती आत गेले. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाहून थोडी जास्त, तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याची जेमतेम दोन-तीन शतांश. सामन्यात एका संघाचे फटके दहा-पंधरा असतात, त्यामुळे गोलांपेक्षा पुरावा कितीतरी जास्त जमतो, आणि पुढच्या सामन्यांचा अंदाजही नुसत्या गोलसंख्येपेक्षा बरा येतो.

पायऱ्यांवर बसून नव्वद मिनिटं डोळे न हलवता खेळ पाहणारा चाहता हेच करत आलाय. म्हणून कंठीरवावर असो वा शाहू स्टेडियमवर, गुणतक्ता नाचवणाऱ्यापेक्षा 'हरलो, पण संधी आपल्याच जास्त होत्या' म्हणणाऱ्याचं मी आधी ऐकतो. त्याला फक्त इतकंच विचारतो, की त्या संधींपैकी पेनल्टी क्षेत्राच्या आतल्या किती होत्या.